सीमारेषा तुटक का काढली: धुळ्याहून बाघच्या थरांपर्यंत सोळा महिने

क्रिटेशियस या भूवैज्ञानिक कालखंडातला ट्युरोनियन काळ संपून कोनियाशियन सुरू होतो ती सीमा एका नाल्याच्या काठावर जीवाश्मांच्या आधारे शोधायची, हा विषय नोव्हेंबर २०२२ मध्ये पक्का झाला. अहवाल जमा झाला ३० मार्च २०२४ ला. मधल्या काळात दोन दौरे झाले, एकूण ४९,४०० रुपये खर्च आला आणि शेवटी आलेखावर एक तुटक रेघ उरली. ती तुटक का राहिली, आणि तुटक रेघही नीट काढायला काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने लिहीत आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारमधून कुणी असं काम हाती घेणार असेल तर निदान सुरुवातीचे दोन-तीन महिने वाचतील.

खानदेशात पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा पाषाण आहे, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. तो लाव्हा. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून भिंतीसारख्या वर आलेल्या डाइकही त्याच घराण्यातल्या. यात समुद्री जीवाश्म मिळायचा प्रश्नच नाही. तापीच्या काठचा गाळ फार अलीकडचा, चतुर्थक काळातला. त्यामुळे क्रिटेशियस समुद्राचे थर बघायचे तर सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यात जावं लागतं. तिथले बाघ बेड्स हे लाव्हा येण्याच्या आधीचे, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आत शिरलेल्या उथळ समुद्राचे. खालून वर साधारण क्रम असा: निमार वालुकाश्म, गाठाळ चुनखडक, मार्ल (चिकणमाती मिसळलेला चुनखडी खडक), आणि त्यावर ब्रायोझोअन चुनखडक. या शेवटच्या खडकाला जुन्या लिखाणात ‘कोरलाइन’ म्हटलेलं आढळेल, पण त्यातले जीव प्रवाळ नाहीत, ब्रायोझोआ आहेत, म्हणजे वसाहती करून राहणारे वेगळेच बारीक समुद्री जीव. नाव वाचून प्रवाळ शोधत बसू नका.

आता सीमा म्हणजे काय, हे आधी स्पष्ट असायला हवं, कारण आमचा पहिला महिना याच गोंधळात गेला. ट्युरोनियन हे नाव द’ऑर्बिन्यीने १८४२ मध्ये फ्रान्सच्या तूर शहरावरून दिलं, कोनियाशियन हे कोकांने १८५७ मध्ये कोन्याक गावावरून. पण आज या काळांची सुरुवात त्या गावांवरून ठरत नाही. जगातला एकच सेक्शन (थरांचा उघडा पडलेला उभा छेद) निवडतात, त्यातला एकच बिंदू ठरवतात आणि तिथे काय घडतं ते लिहून ठेवतात. ट्युरोनियनचा पाया अमेरिकेत कोलोरॅडोतल्या प्वेब्लोजवळ, ८६ क्रमांकाच्या थराच्या तळाशी आहे. तिथे वॅटिनोसेरास डेव्होनेन्से हा अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचा, आता नामशेष झालेला समुद्री जीव) पहिल्यांदा दिसतो. कोनियाशियनचा पाया जर्मनीतल्या झाल्झगिटर-झाल्डरच्या खाणीत आहे आणि त्याची खूण अमोनाइट नाही, क्रेम्नोसेरामस डिफॉर्मिस इरेक्टस हा इनोसेरामिड गटातला शिंपला आहे. हा बिंदू मंजूर झाला २०२१ मध्ये. म्हणजे त्याआधी छापलेल्या पुस्तकात या सीमेची व्याख्या शोधू नका, थेट आंतरराष्ट्रीय स्तरवैज्ञानिक आयोगाचा ताजा तक्ता उघडा.

यातून निघणारी गोष्ट साधी आहे. आपल्या नाल्यात आपण सीमा ‘ठरवत’ नाही. जर्मनीत ठरलेली सीमा आपल्या थरांत कुठे येते ते पुराव्याने ‘ओळखतो’. आणि ती खूण शिंपल्याची असेल तर आपल्याकडे तो शिंपला मिळतो का, हा पहिला प्रश्न. न मिळाला तर दुसऱ्या कुठल्या जीवाश्मावर भिस्त ठेवायची, हा दुसरा.

१४ नोव्हेंबरला परवानगीची पत्रं पाठवली. तीन वेगळी पत्रं लागतात आणि तीनही एकाच दिवशी पाठवावीत: नाला वनजमिनीतून जात असेल तर त्या विभागाच्या वनाधिकाऱ्यांना, गावाच्या हद्दीसाठी ग्रामपंचायतीला, आणि काठ खाजगी शेताचा असेल तर शेतमालकाला. प्रत्येक पत्रावर विभागप्रमुखांची सही-शिक्का, सोबतच्या माणसांची नावं, आधारची प्रत, तारखा, आणि ‘किती किलो नमुने नेणार’ हे हवंच. आमच्या पहिल्या पत्रात वजन नव्हतं, म्हणून ते परत आलं. दुसऱ्यात ‘जास्तीत जास्त ६० किलो, हातोडी-छिन्नीने, यंत्राविना’ असं लिहिलं. उत्तर यायला ३७ दिवस लागले, २१ डिसेंबरला हातात आलं. पत्र दिल्यावर आवक क्रमांक लिहून घ्या. पुढची प्रत्येक चौकशी त्या क्रमांकावरच होते. बाघजवळ डायनासोर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे, २०११ मध्ये घोषित झालेलं. त्याच्या हद्दीत एक खडाही उचलायचा नाही. हद्दीचा नकाशा आधी मिळवा आणि आपला सेक्शन तिच्यापासून लांब निवडा. आमचा नाला जिराबाद-चिराखान भागातला आहे. नेमकी जागा इथे देत नाही, कारण जीवाश्म विकणारे अशा जागा फोडून नेतात.

ही ३७ दिवसांची वाट वाया घालवू नका. आम्ही अमळनेर-चोपडा भागात तापीच्या दरडींवर लॉगिंगचा, म्हणजे थर मोजून क्रमाने नोंदवण्याचा, सराव केला. गाळ मऊ असतो, चुकलं तरी काही बिघडत नाही आणि घरची भाकरी बांधून संध्याकाळी परत येता येतं. दीड मीटरच्या बांबूवर दर १० सेंटिमीटरला खूण, वर क्लायनोमीटर (उतार मोजायचं साधन) बांधलेला. काठी थराला काटकोनात धरायची, उभी नाही. उतार दोन-तीन अंशांचाच असेल तर फरक नगण्य. पण दहा-पंधरा अंशांच्या उतारावर उभी काठी धरली की जाडी फुगते. सराव दोघांनी मिळून करावा. एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग अदलाबदल करून तीच दरड पुन्हा मोजायची. आमच्या पहिल्या दोन मोजण्यांत पाच मीटरला ४० सेंटिमीटरचा फरक पडला, चौथ्या वेळी तो ६ वर आला. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे अहवालात मोजणीची चूक किती हे सांगायला तोच कामी येतो.

(खानदेशाने थरांची शिस्त याआधीही बघितली आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे उत्खननात शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच मिळालं. ते कुठल्या थरातलं हे नोंदलेलं होतं म्हणून त्याला सुमारे २५ हजार वर्षांचं वय देता आलं. तेच कवच नुसतं शेतात पडलेलं मिळालं असतं तर ती एक सुंदर वस्तू एवढंच राहिली असती.)

पहिला दौरा २ ते ६ जानेवारी २०२३. पहाटे धुळ्याहून निघून शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदा ओलांडून धामनोद आणि तिथून मनावर. जीप पाच दिवसांची डिझेलसह १६,५०० रुपये, राहणं-खाणं तिघांचं ६,८००. जीप चालवणारे आबा वाटेतल्या प्रत्येक रस्ताकामाजवळ गाडी हळू करायचे, ‘सर, इथं कापलेलं दिसतंय, बघायचं का?’ म्हणून. नवा कापलेला रस्ता हा भूवैज्ञानिकाला मिळालेला सर्वांत स्वच्छ सेक्शन असतो, त्यामुळे असा माणूस सोबत असणं मोठी गोष्ट. सर्व्हे ऑफ इंडियाचे ४६ जे आणि ४६ एन हे दोन नकाशे लागतात. जुन्या छापील नकाशाचा आधार, म्हणजे पृथ्वीच्या आकाराचं धरलेलं मोजमाप, एव्हरेस्ट आहे, जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४. दोन्ही तसेच जुळवले तर जागा सरकते, म्हणून मोबाइलमधल्या प्रत्येक नोंदीपुढे कुठला आधार ते लिहा.

नाल्यावर पोचल्यावर पहिला दिवस जीवाश्म उचलायचे नाहीत. हे सर्वांत कठीण जातं. खाली ब्रायोझोआचे तुकडे, शिंपले, समुद्री अर्चिन पडलेले दिसतात आणि हात आपोआप जातो. पहिल्या दिवशी फक्त काठ साफ करायचा. कुदळीने वरची माती, झुडपाची मुळं आणि हवेने झिजलेला १५-२० सेंटिमीटरचा पापुद्रा काढून अर्धा मीटर रुंदीचा ताजा पट्टा तळापासून माथ्यापर्यंत उघडा करायचा. मग थरांना खालून वर क्रमांक द्यायचे. रंगाने नाही, खडूने, किंवा खिळ्याला लावलेल्या कार्डाने. आमचा सेक्शन ११.६ मीटरचा निघाला, २२ थरांचा: निमारचा वरचा १.२ मीटर (थर १-२), गाठाळ चुनखडक ५.४ (थर ३-११), मार्ल १.८ (थर १२-१४) आणि ब्रायोझोअन चुनखडक ३.२ (थर १५-२२).

दुसऱ्या दिवसापासून नमुने. इथे एकच नियम सगळ्यावर भारी आहे. मार्गदर्शक सर रोज संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचे, ‘थरातलं की सुटं?’ थरात रुतलेलं, छिन्नीने सोडवलेलं ते थरातलं. पायथ्याशी पडलेलं, पाण्याने वाहून आलेलं, अगदी थराच्या तोंडावर सैल बसलेलंही सुटं. सुट्या नमुन्यावर ‘सु’ लिहायचं, तो ओळख शिकायला वापरायचा, पण कुठल्या थरात कोणता जीव हे दाखवणाऱ्या आलेखात त्याला जागा नाही. आमच्याकडचा सर्वांत देखणा अमोनाइट, तळहाताएवढा, सुटा होता. तो आलेखात घेतला नाही. असा एक नमुना चुकीच्या थरात गेला तर सीमा मीटरभर वर-खाली होते आणि नंतर कुणालाही ती चूक शोधता येत नाही.

प्रत्येक नमुन्याला दोन चिठ्ठ्या, एक पिशवीत आत, एक बाहेर. थर क्रमांक, तळापासूनची उंची सेंटिमीटरमध्ये, तारीख, वरची बाजू दाखवणारा बाण. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, ओल्या मार्लमध्ये पेनची शाई पसरते. आत वर्तमानपत्र, बाहेर जाड प्लॅस्टिक. तडकलेला नमुना जागेवरच पॅरालॉइड बी-७२ या रेझिनच्या ५ टक्के असिटोनमधल्या द्रावणाने धरून मग सोडवायचा. फेविकॉल लावू नका, पुढे तो निघत नाही.

थर ११ च्या माथ्यावर एक पृष्ठ आहे, त्यावर पूर्ण एक दिवस गेला आणि तो सार्थकी लागला. लोखंडाने तांबूस झालेलं, जीवांनी पोखरलेल्या भोकांचं, त्यावर कालवांची कवचं थेट चिकटलेली. हा हार्डग्राउंड: समुद्रतळ कडक होऊन बराच काळ त्यावर गाळच साचला नाही याची खूण. सीमा शोधणाऱ्याने असं पृष्ठ दिसलं की सावध व्हायचं. कारण सीमेचा क्षण त्या न साचलेल्या काळात गेलेला असू शकतो, आणि मग ती कुठल्याही थरात नसते, दोन थरांच्या मधल्या रेघेत असते. दुसरं, हार्डग्राउंडच्या लगेच वर मिळालेला जीवाश्म खालच्या थरातून उकरून आलेला असू शकतो. तपासायचं असं: कवचाच्या आत भरलेला गाळ आणि बाहेरचा गाळ एकाच रंगाचा, एकाच कणांचा आहे का? कडा घासून गुळगुळीत झाल्यात का? भोकं दोन्ही बाजूंनी आहेत का? आतला गाळ पिवळसर गाठाळ आणि बाहेरचा राखाडी मार्ल असेल तर तो जीव त्या थराचा नाही. थर १२ मधले आमचे चार तुकडे याच कसोटीवर बाद झाले.

मार्चपासून प्रयोगशाळा. मार्लचे १४ नमुने होते. प्रत्येकी २०० ग्रॅम, हरभऱ्याएवढे तुकडे करून, ५० अंशांवर रात्रभर सुकवून, मग गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून २४ तास भिजवायचा. भिजण्याआधी पूर्ण सुकवणं महत्त्वाचं. ओलसर मार्ल फुटत नाही, कोरड्यात पाणी जोराने शिरतं आणि तो विरघळल्यासारखा सुटतो. न सुटल्यास १० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, उघड्या भांड्यात, झाकण कधीही घट्ट लावायचं नाही. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर नळाच्या मऊ धारेखाली धुवायचं. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्ल्यूच्या द्रावणात बुडवा. आधीचा एखादा कण अडकून राहिला असेल तर तो निळा होतो आणि पुढच्या नमुन्यात लगेच ओळखू येतो. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं जड आहे की सुकल्यावर कणांवर क्षारांचा पांढरा थर बसायचा आणि फोरामिनिफेरा (एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचं) ओळखू येईनात. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने करायला लागल्यावर हा त्रास गेला.

इथे एक इशारा, कारण ही चूक मी तीन वेगवेगळ्या प्रबंधांच्या आराखड्यांत बघितली आहे. चुनखडक सौम्य ॲसिटिक आम्लात विरघळवून उरलेला गाळ तपासण्याची पद्धत कोनोडॉंटसाठी, म्हणजे एका नामशेष समुद्री जीवाच्या दातांसारख्या सूक्ष्म अवशेषांसाठी, आहे. कोनोडॉंट फॉस्फेटचे असतात म्हणून ते उरतात. पण कोनोडॉंट ट्रायासिकच्या अखेरीस नामशेष झाले. क्रिटेशियस चुनखडकावर ती पद्धत लावली तर चुनखडकासोबत आपल्याला हवे ते चुन्याचे जीवही विरघळून जातात आणि भांड्यात थोडी माती उरते. आमच्या चुनखडकांसाठी पातळ काप केले, ३० मायक्रॉन जाडीचे, १६ काप, प्रत्येकी ४५० रुपयांनी ७,२००. सहा आठवड्यांनी मिळाले.

मोठ्या जीवाश्मांचे फोटो काढताना आधी पृष्ठ काळं करून त्यावर अमोनियम क्लोराइडचा बारीक पांढरा थर द्यायचा, तरच उंचवटे आणि खाचा दिसतात. प्रकाश डावीकडून वरून. सगळे तसाच घेतात, आणि तुमचा उजवीकडून असला तर तुलना करणाऱ्याला खड्डा उंचवट्यासारखा दिसतो. धूर नाकात जाऊ नये म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच.

ओळख पटवणं हा सर्वांत लांब आणि मन खचवणारा टप्पा होता, मे ते ऑक्टोबर. बाघच्या गाठाळ चुनखडकात अमोनाइटचं मूळ कवच क्वचित राहतं, आतल्या पोकळीत भरलेल्या गाळाचा साचा मिळतो, तोही गाठींनी वाकडा झालेला. प्लॅसेन्टिसेरास ओळखायला तुलनेने सोपा, चपटा, अरुंद सपाट कडेचा, पुष्कळ फाट्यांच्या शिवणरेषेचा. पण तो फार काळ जगलेला वंश. त्याच्या असण्याने ट्युरोनियन की कोनियाशियन हे ठरत नाही. सीमेसाठी जीव हवा तो कमी काळ जगलेला, दूरवर पसरलेला, भरपूर सापडणारा आणि सहज ओळखू येणारा. चारही गुण एकत्र मिळणं दुर्मिळ, आणि उथळ, बंदिस्त समुद्रात तर फारच.

या थरांच्या वयावर वाद जुना आहे. चिपळूणकरांनी १९३०-४० च्या दशकांत इथले अर्चिन, ब्रॅकिओपॉड, अमोनाइट वर्णन करून पाया घातला. त्यानंतर कुणी वरचे थर कोनियाशियन मानले, कुणी ट्युरोनियन. २००३ मध्ये केनेडी, फणसळकर आणि वालाश्चिक यांनी बाघ बेड्समधून प्रायोनोसायक्लस जर्मारी हा अमोनाइट नोंदवला, जो उत्तर ट्युरोनियनची खूण मानला जातो. आमच्या थर ८ मध्ये, तळापासून ४.३ मीटरवर, एक अर्धवट अमोनाइट मिळाला. कडेला दातेरी कणा, बरगड्या विरळ. फोटो आणि सिलिकॉनचा साचा दोन तज्ज्ञांना पाठवले. एकांचं उत्तर ११ दिवसांत, दुसऱ्यांचं साडेतीन महिन्यांनी. दोघांचंही मत एकच: वंश प्रायोनोसायक्लस असावा, जाती सांगण्याइतका भाग शिल्लक नाही. म्हणून आलेखात ‘सीएफ.’ (म्हणजे ‘याच्याशी तुलना करा’, पक्की ओळख नव्हे) लावून लिहिला. हे दोन अक्षरी चिन्ह लावायला संकोचू नका. ते नसतं तर पुढचा वाचक आमच्या अंदाजाला खात्री समजला असता. इनोसेरामिडचे तुकडे थर १३ मध्ये मिळाले, कवचाची उभ्या तंतूंची जाडी स्पष्ट, पण बिजागरीचा एकही भाग नाही. त्यावरून वंशसुद्धा ठरत नाही.

याच टप्प्यात आकड्यांचं एक काम केलं, जे आधी करायला हवं होतं. थर ५ ते १० मध्ये प्लॅसेन्टिसेरास पाच पातळ्यांवर मिळाला, पहिल्या ते शेवटच्या पातळीत २.४ मीटर. आता तो थर १० मध्ये संपला असं म्हणायचं का? शेवटचा सापडलेला हा शेवटचा जगलेला नसतो. स्ट्रॉस आणि सॅडलर यांचं १९८९ चं सूत्र त्यासाठी वापरतात. शोधाच्या पातळ्यांतून एक वजा करा, ०.०५ ला त्या संख्येच्या व्यस्त ऋण घातांकात चढवा, त्यातून एक वजा करा आणि विस्ताराने गुणा. पाच पातळ्यांसाठी गुणक १.११५ येतो, म्हणजे ९५ टक्के खात्रीने खरा शेवट आणखी २.७ मीटर वरपर्यंत कुठेही असू शकतो. आमचा शेवटचा नमुना हार्डग्राउंडच्या ४० सेंटिमीटर खाली होता. २.७ मीटर वर म्हणजे सगळा मार्ल ओलांडून ब्रायोझोअन चुनखडकात अर्धा मीटर आत. हे पाहिलं तेव्हा दुसऱ्या दौऱ्याची गरज पटली.

दुसरा दौरा २४ ते २६ नोव्हेंबर २०२३, खर्च ११,२०० रुपये. नोव्हेंबर जानेवारीपेक्षा बरा. पावसाने काठ धुतलेला असतो आणि नाल्यात गुडघ्याइतकंच पाणी उरतं. या वेळी नवे थर मोजले नाहीत. फक्त थर ८ ते १४, दर २० सेंटिमीटरला, प्रत्येक पातळीवर ठरलेला एक तास. वेळ ठरवणं आवश्यक आहे. नाहीतर सापडतं तिथे आपण जास्त वेळ शोधतो, सापडत नाही तिथे लवकर उठतो आणि आलेखात जीवांचं नाही, आपल्या उत्साहाचं चित्र उमटतं. जिथे काही मिळालं नाही तिथेही ‘एक तास, शून्य’ अशी नोंद केली. आता पातळ्या आठ झाल्या, विस्तार २.६ मीटर. अनिश्चितता २.७ मीटरवरून १.४ वर आली. एका अमोनाइटनेही नवी जात दिली नाही, पण तीन दिवसांच्या या कामाने अहवाल उभा राहिला. एक पथ्य मात्र: जीव थरांत एकसारखे विखुरलेत असं हे सूत्र धरून चालतं. हार्डग्राउंड ओलांडून ते तसंच लावता येत नाही, आणि खडकाचा प्रकार बदलला की जीव नाहीसा होणं हे त्याचं नामशेष होणं नव्हे, त्याला तो तळ आवडला नाही एवढंच असू शकतं. दोन्ही मर्यादा आकड्याच्या शेजारीच लिहिल्या.

जानेवारी २०२४ पासून आलेख आणि लेखन. प्रत्येक जीवासाठी उभी रेघ, आणि तिच्यावर प्रत्यक्ष सापडलेल्या प्रत्येक पातळीला ठिपका. नुसती रेघ काढू नका, कारण दोन ठिपक्यांवरची रेघ आणि वीस ठिपक्यांवरची रेघ सारखीच दिसते. सीमा: थर ८ पर्यंत ट्युरोनियन, सीएफ. चिन्हाच्या भरवशाइतकं. त्याच्या वर कोनियाशियन सुरू झाल्याचा एकही थरातला पुरावा आमच्याकडे नाही. म्हणून सीमारेषा थर ८ च्या वर, तुटक, वरचं टोक उघडं. हार्डग्राउंडवर ती ठळक काढण्याचा मोह झाला होता. दिसायला ते पृष्ठ सीमेसारखंच आहे, फोटोत सुंदर येतं. पण खडक बदलला म्हणून काळ बदलला असं होत नाही.

लिहिणं चालू असतानाच, मार्च २०२४ मध्ये, अँथ्रोपोसीन या माणसाच्या प्रभावावरून सुचवलेल्या नव्या भूवैज्ञानिक काळाचा प्रस्ताव १२ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला गेला. त्या निमित्ताने प्रक्रिया पुन्हा वाचली: कार्यगट, उपआयोग, आयोग, प्रत्येक पायरीवर किमान ६० टक्के मतं, शेवटी आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघाची मान्यता, आणि एकदा मंजूर झालेला बिंदू किमान दहा वर्षं हलवायचा नाही. एवढं करूनही कँब्रियनच्या पायाचं उदाहरण आहेच. न्यूफाउंडलंडमधला तो बिंदू १९९२ मध्ये ट्रेप्टिक्नस पेडम या बिळाच्या ठशावर ठरला आणि नंतर तोच ठसा त्याच सेक्शनमध्ये सुमारे चार मीटर खाली सापडला. जगातल्या सर्वांत बारकाईने तपासलेल्या काठावर असं होतं, तर ११.६ मीटरच्या नाल्यात तुटक रेघ काढायला कमीपणा वाटू देऊ नये.

राहिलेला खर्च: चाळण्या, रसायनं ५,४००, कुरियर आणि छपाई २,३००. थरातले सगळे नमुने क्रमांक घालून विभागाच्या संग्रहात जमा केले, नोंदवहीत थर आणि उंचीसह, सुटे वेगळ्या कप्प्यात. जमा न केलेल्या नमुन्यावरचा निष्कर्ष दुसऱ्या कुणाला तपासता येत नाही, म्हणून पावती अहवालाला जोडली. थर १३ मधल्या इनोसेरामिडच्या तुकड्यांचा ट्रे वरच्या फळीवर ठेवला आहे. पुढच्या नोव्हेंबरला तिथेच, मार्लच्या त्या ६० सेंटिमीटरमध्ये, बिजागरीसकट एखादा शिंपला शोधायचा आहे.